नोंद दुसऱ्या गावात ठेवा

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या औषधी रसायनांच्या कारखान्यात प्रत्येक बॅचबरोबर कागदांचा एक गठ्ठा फिरतो. त्याला सगळे ‘बीएमआर’ म्हणतात. रिअ‍ॅक्टरमध्ये काय टाकलं, किती किलो, किती तापमानाला, किती वाजता, कोणी टाकलं आणि कोणी तपासलं, हे ज्या त्या वेळीच त्यात लिहायचं असतं. आकडा चुकला तर गिरवायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचा जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी नवा आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर तर आवारातही नको. बॅच संपली की गठ्ठा क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता विभागाच्या, कपाटात, कुलपात जातो. ज्या ऑपरेटरने तो लिहिला, त्याच्या हाती तो पुन्हा सहजासहजी लागत नाही.

कागदाच्या बाबतीत इतकी शिस्त पाळणाऱ्या माणसांचं वेब ॲप मात्र कसं चालतं, ते पाहण्यासारखं असतं. समजा, मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला एक मध्यम कारखाना आहे. डीलर त्याच्या ॲपवर लॉगइन करून ऑर्डर टाकतात, बॅचचं सीओए, म्हणजे तपासणीचा दाखला, उतरवून घेतात. डिस्पॅचवाला त्यातूनच इ-वे बिल काढतो आणि गेटवर गाडी सोडतो. हे सगळं चालवणारा सर्व्हर अकाउंट्सच्या खोलीत, यूपीएसच्या शेजारी ठेवलेला. आणि ॲपची नोंद, म्हणजे लॉग, त्याच सर्व्हरच्या डिस्कवर एका फाइलमध्ये. कारखान्याने स्वतःचा बीएमआर जर रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलवर ठेवला असता, तर पहिल्याच ऑडिटमध्ये शेरा आला असता. लॉगच्या बाबतीत मात्र कोणालाच काही वाटत नाही, कारण ती फाइल कोणी उघडतच नाही. उघडायची वेळ येते तेव्हा ती बहुधा जागेवर नसते.

ती नाहीशी व्हायचे रस्ते तीन. सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे डिस्क भरणं. लॉग वाढत जातो, एके रात्री डिस्क पूर्ण भरते, डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही आणि ॲप बंद पडतं. सकाळी आलेला माणूस जागा करण्यासाठी पहिली कोणती फाइल उडवतो? तीच.

दुसरा रस्ता पाण्याचा. या भागात हे समजावून सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५ अजून सगळ्यांना आठवतो. २०१९ मध्ये पुन्हा त्याच तारखेच्या रात्री पाऊस कोसळला आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस २७ जुलैच्या पहाटे बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल वगैरेंनी बाहेर काढलं. उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्यांचा स्वभाव पाहता तळमजल्यावरच्या सर्व्हरची हमी कोणी देऊ नये. सर्व्हर बुडाला तर डेटाबेसचा बॅकअप कुठेतरी असतो. लॉगचा बॅकअप घेतलेला मी तरी क्वचितच पाहिला आहे.

तिसरा रस्ता घुसखोराचा, आणि खरा विचार करायला लावणारा हाच.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत शोधायला सांगितली गेली. वापराचा हिशेब ठेवणारे दोन प्रोग्रॅम होते आणि त्यांचा मेळ बसत नव्हता. कोणीतरी पैसे न भरता काही सेकंद यंत्र वापरून गेलं होतं. स्टोलने माग काढायचं ठरवलं, पण एक गोष्ट त्याने पहिल्याच दिवसांत ओळखली: आत शिरलेल्याला मशीनवरचे पूर्ण हक्क मिळाले आहेत, म्हणजे मशीनवर ठेवलेली कुठलीही नोंद तो पुसू शकतो. तेव्हा त्याने बाहेरून येणाऱ्या फोनलाइनींवरच प्रिंटर जोडले, इकडून तिकडून उसने आणलेले. घुसखोर टाइप करील ती प्रत्येक कळ कागदावर उमटत गेली आणि त्या कागदाला हात लावणं त्याला शक्य नव्हतं. पुढे तो पश्चिम जर्मनीतल्या हानोफरमधला मार्कुस हेस निघाला. चोरलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकली जात होती.

आज आपण ज्याला क्लाउड लॉगिंग म्हणतो त्याचं सगळं मर्म त्या उसन्या प्रिंटरमध्ये आहे. ‘क्लाउड’ या शब्दाभोवती जाहिरातींनी बरंच धुकं पसरवलं आहे. आपल्यापुरता अर्थ इतकाच, की नोंद घडल्याक्षणी तिची प्रत अशा ठिकाणी पोचते जिथे नोंद करणाऱ्या यंत्राची सत्ता चालत नाही.

उलट बाजूचं उदाहरण ढाक्याचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या न्यू यॉर्कमधल्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला गेले. चोरांनी बँकाबँकांत चालणाऱ्या स्विफ्ट यंत्रणेवरून बनावट संदेश पाठवले, आणि जाताना स्विफ्टच्या डेटाबेसमधल्या त्या व्यवहारांच्या नोंदी पुसणारं आणि प्रिंटरवर येणाऱ्या पावत्या अडवणारं मालवेअर सोडलं. ५ फेब्रुवारीला ढाक्याच्या कार्यालयात प्रिंटर चालेना, तेव्हा लोकांना ती नेहमीची कटकट वाटली. स्टोलचा प्रिंटर स्वतंत्र होता. हा प्रिंटर त्याच यंत्राच्या तालावर नाचत होता. फरक एवढाच, किंमत एवढी.

आपल्याकडचं प्रकरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारपासून काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन केलेल्या कार्डांनी पैसे निघत होते, आणि देशातही. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमार्गे आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण आकडा सुमारे ९४ कोटी. एटीएमचा स्विच खात्यात पैसे आहेत का, हे बँकेच्या मूळ प्रणालीला विचारतो. चोरांनी मध्ये एक बनावट स्विच बसवला आणि तोच सगळ्यांना ‘द्या’ म्हणत सुटला. मूळ प्रणालीपर्यंत प्रश्न पोचलाच नाही. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. चांगलं लॉगिंग असतं तर हे टळलं असतं, असा दावा कोणी करू नये. पण स्टोलच्या ७५ सेंटचा धडा इथे लागू पडतो: एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन नोंदी असाव्यात आणि त्या सतत ताडून पाहाव्यात. आपल्या मोरिवलीच्या कारखान्यात गेटवरून सुटलेल्या गाड्या आणि ॲपने काढलेली इ-वे बिलं यांचा मेळ रोज रात्री एखादा छोटा प्रोग्रॅम घालू शकतो. न जुळलेली एक गाडीही सकाळी कोणाला तरी दिसली पाहिजे.

आता प्रत्यक्ष बांधणी. तिला वाटतो तितका वेळ लागत नाही, विचाराला लागतो.

पहिलं, ॲपने फाइल सांभाळण्याच्या फंदात पडू नये. ॲपने ओळ लिहून बाहेर टाकावी, म्हणजे आपल्या ‘स्टँडर्ड आउटपुट’वर, आणि विसरून जावं. २०११ च्या सुमारास हेरोकूच्या मंडळींनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ नावाने जे नियम मांडले त्यात हा एक होता, आणि तो टिकला. ती ओळ उचलून नेण्याचं काम शेजारी चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमचं. त्याला एजंट म्हणतात. फ्लुएंट बिट किंवा ओपनटेलिमेट्री कलेक्टर यांपैकी कुठलाही चालेल. दोन्ही मोफत आहेत, दोन्ही क्लाउडच्या बहुतेक सेवांशी बोलतात. उद्या सेवा बदलायची झाली तर एजंटची जुळणी बदलते, ॲपला हात लागत नाही.

दुसरं, ओळीचा आकार. ‘ऑर्डर सेव्ह झाली नाही’ ही ओळ माणसाला कळते, पण तिच्यावर कुठलाच प्रश्न विचारता येत नाही. कोणाची ऑर्डर? कुठल्या टप्प्यावर अडली? ओळ जेसनमध्ये, म्हणजे नावं दिलेल्या कप्प्यांत लिहावी: वेळ, पातळी, डीलरचा कोड, ऑर्डर क्रमांक, लागलेले मिलिसेकंद, एररचा प्रकार. आणि एक कप्पा सगळ्यात मोलाचा, विनंती क्रमांकाचा. डीलरने बटण दाबलं की त्या क्षणी एक क्रमांक तयार होतो आणि ऑर्डर, साठा, बिल, इ-वे बिल अशा प्रत्येक पायरीवर तोच पुढे दिला जातो. फोन आला, ‘साहेब, माझी ऑर्डर अडकलीय’, तर तेवढ्या एका क्रमांकावर शोध घेऊन सगळा प्रवास क्रमाने समोर येतो. बॅच नंबरवरून ड्रमपासून कच्च्या मालाच्या पावतीपर्यंत मागे जायची ज्यांना सवय आहे, त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

कप्प्यांत गावांची नावं न लिहिता कोड लिहावेत. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, तेव्हा ‘मोरिवली’ एकवीस बाइट खाते. पण जागेपेक्षा मोठी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. कोणी ‘मोरीवली’ टाइप केलं की शोधात अर्ध्या ऑर्डरी गायब.

तिसरं म्हणजे लाइन जाणं, आणि इथे जरा थांबावं लागेल. क्लाउडच्या पुस्तकांत नेटवर्क कायम असतंच असं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे रस्ता खोदताना जेसीबीच्या दातात फायबर येतो, पावसाळ्यात वीज जाते, आणि राउटरचा यूपीएस सगळ्यात जुना असतो. अशा वेळी ॲपने क्लाउडची वाट बघत थांबणं म्हणजे लॉगपायी धंदा बंद ठेवणं. म्हणून पाठवणी ॲपच्या कामापासून तोडलेली असावी: ॲप ओळ टाकतं आणि पुढच्या ऑर्डरकडे वळतं, एजंट ती स्थानिक डिस्कवरच्या राखीव जागेत साठवतो, लाइन आली की जुन्या क्रमाने पाठवतो, पोच मिळाल्यावरच स्थानिक प्रत टाकून देतो. बहुतेक एजंटांची मूळ जुळणी ही साठवण मेमरीत करते. वीज गेली की ती गेली. डिस्कवर साठवा असं मुद्दाम सांगावं लागतं. त्या राखीव जागेला मर्यादाही हवी, नाहीतर डिस्क भरण्याचा पहिला रोग मागच्या दाराने परत येतो. मर्यादा भरली तर काय टाकायचं, हेही आधीच ठरवावं: चाचणीपुरत्या डीबगच्या ओळी आधी, एररच्या सगळ्यात शेवटी.

चौथं, वेळ. अंबरनाथच्या शिवमंदिरात उत्तर दाराच्या आतल्या बाजूला एक शिलालेख आहे. शिलाहार राजा माम्वाणी, त्याचे अधिकारी, केलेलं काम, आणि तिथी: श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार. शकवर्षाचा पहिला आकडा मात्र झिजलेला. डॉ. भाऊ दाजींनी तो ७८२ वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असल्याचं दाखवलं, म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षं मागे गेलं होतं. निकाल लागू शकला, कारण राजाचा काळ इतर लेखांवरून ताडता आला.

लॉगमध्ये ही गफलत रोज होते. क्लाउडमधली यंत्रं यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ पाळतात, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. मोरिवलीत रात्रपाळीचा माणूस साडेबाराला गाडी सोडतो तेव्हा लॉगमध्ये संध्याकाळचे सात वाजलेले असतात, तेही आदल्या तारखेला. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत प्रत्येक ओळीची तारीख आपल्या कॅलेंडरपेक्षा एक दिवस मागे. रात्रपाळीच्या चौकशीत यावरून किती निरपराध लोकांना बोलणी बसली असतील, देव जाणे. उपाय साधा आहे: साठवताना सगळीकडे यूटीसी, ओळीत विभागाचा उल्लेख स्पष्ट, आणि दाखवताना भारतीय वेळ. सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत. हा आता सरकारी आदेशही आहे.

तो आदेश सर्ट-इन या केंद्राच्या सायबरसुरक्षा संस्थेचा, २८ एप्रिल २०२२ चा. मोठ्या आयटी कंपन्यांपुरता तो आहे असा समज आहे, पण त्यात ‘बॉडी कॉर्पोरेट’ हा शब्द आहे, म्हणजे मोरिवलीची प्रायव्हेट लिमिटेडही आली. लघु-मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत सवलत होती, ती संपली. सगळ्या यंत्रणांचे लॉग चालू ठेवायचे, मागचे १८० दिवस सांभाळायचे, ते भारताच्या अधिकारक्षेत्रात असले पाहिजेत, आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायची.

जागेचा प्रश्न त्यामुळे अर्धा सुटतो. ॲमेझॉनने मुंबईत केंद्र उघडलं २०१६ मध्ये आणि हैदराबादला २०२२ मध्ये. मायक्रोसॉफ्टचं पुण्यात २०१५ पासून आहे. गूगलचं मुंबईत २०१७ पासून, दिल्लीत २०२१ पासून. खातं उघडताना यादीत आधी निवडलेलं केंद्र बहुधा अमेरिकेतलं असतं. ते बदलायचं विसरू नका. माझं मत विचाराल तर ॲप मुंबईत असेल तर लॉगची दुसरी प्रत पुण्यात किंवा हैदराबादला जावी. एकच ढगफुटी दोन्हीकडे पोचत नाही.

मुदतीचा प्रश्न मात्र फसवा आहे. गूगलच्या सेवेत नेहमीचा लॉग न सांगता ३० दिवस राहतो. मायक्रोसॉफ्टच्या लॉग ॲनालिटिक्सचंही तसंच. म्हणजे काहीच न बदललेल्या कारखान्याचे पाच महिने रोज कायद्याच्या बाहेर पडत असतात. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉचमध्ये उलट: न सांगता लॉग कायमचा राहतो आणि बिल दर महिन्याला थोडं थोडं चढत जातं, कोणाच्या लक्षात न येता.

बिलाची भीती प्रमाणाबाहेर असते, म्हणून हिशेब करून टाकू. ॲपवर दिवसाला २०,००० विनंत्या, प्रत्येकीच्या पाच ओळी, ओळ ५०० बाइटची: दिवसाला ५० एमबी, महिन्याला दीड जीबी, १८० दिवसांचे मिळून ९ जीबी. गूगल तर एका प्रोजेक्टला महिन्याला ५० जीबीपर्यंत लॉग फुकट घेतं. आता कोणीतरी चाचणीसाठी डीबग पातळी चालू केली आणि बंद करायला विसरला. पाचच्या शंभर ओळी झाल्या: दिवसाला एक जीबी, महिन्याला तीस. गूगलच्या फुकट मर्यादेत हेही बसतं, पण बिल मोठं येतं ते बहुधा असंच, विसरलेल्या डीबगमुळे. शोधायला सोपा साठा महाग असतो, नुसता ठेवायचा साठा स्वस्त. तेव्हा पहिले ३० दिवस महागात ठेवून पुढचे दीडशे दिवस स्वस्तात सरकवले की काम झालं.

काय लिहायचं यावर डेव्हलपर वाद घालतात. काय लिहायचं नाही, यावर वाद नको. ३ मे २०१८ रोजी ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. कोणी आत शिरलं नव्हतं. पासवर्ड वाचता न येण्याजोगा करून ठेवण्याची सगळी व्यवस्था होती. पण तसा होण्याआधीच तो जसाच्या तसा आतल्या लॉगमध्ये उतरत होता. आपल्याकडे पासवर्डच्या जोडीला ओटीपी, आधार क्रमांक, बँक खातं. ‘आलेली पूर्ण विनंती लॉग करा’ अशी एक ओळ कोडमध्ये असली की हे सगळं क्लाउडमध्ये जाऊन बसतं, १८० दिवस, सुरक्षितपणे. गाळणी ॲपमध्येच लावावी. एजंटमध्ये दुसरी लावली तर उत्तम.

बाहेरून आलेला मजकूर तसाच लॉगमध्ये उतरवण्याचा दुसरा धोका जगाने डिसेंबर २०२१ मध्ये पाहिला. लॉग४जे ही जावामधली लॉग लिहिण्याची लायब्ररी, जगभर लाखो प्रोग्रॅममध्ये बसलेली. तिच्यात असं सापडलं की लॉगमध्ये ठरावीक घडणीचा मजकूर आला तर ती तो नुसता लिहीत नाही, त्यातल्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणते आणि चालवते. नाव टाकायच्या चौकटीत तो मजकूर टाकला तरी पुरे. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा मिळाले. पहाऱ्यावरचाच माणूस दार उघडून देत होता. लायब्ररी अद्ययावत ठेवा हे सांगणं कंटाळवाणं आहे, पण दुसरा इलाज नाही.

इशाऱ्यांबद्दल थोडक्यात. फोनवर दिवसाला चाळीस इशारे आले की माणूस एकही वाचत नाही. आपल्या कारखान्याला तीन पुरतात: पाच मिनिटांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त एरर, एकाच डीलरच्या नावाने पाठोपाठ चुकलेले लॉगइन, आणि अर्ध्या तासात एकही ओळ आली नाही. तिसरा बहुतेक जण विसरतात. घुसखोर लॉगिंगच बंद करतो तेव्हा एररही येत नाही, सगळं शांत वाटतं.

आणि शेवटी किल्ल्या. एजंटला क्लाउडची जी किल्ली दिली आहे, तिने फक्त नवी ओळ लिहिता यावी. वाचता नको, पुसता तर नकोच. जुना साठा ठेवायच्या जागेवर कुलपाची सोय असते, मुदत संपेपर्यंत कोणालाही न पुसू देणारी, ती लावा. लॉगचं खातं ॲपच्या खात्यापासून वेगळं, वेगळ्या माणसाच्या हाती. छोट्या कारखान्यात एकच आयटीवाला असतो हे मान्य, पण मग दुसरी किल्ली क्यूएच्या कपाटात ठेवा, नाहीतर मालकाकडे. हे सगळं बसवून झालं की एक चाचणी घ्या: ॲपच्या सर्व्हरवर पूर्ण हक्काने लॉगइन करा आणि चाचणीपुरती पाठवलेली कालची एक ओळ क्लाउडमधून पुसायचा प्रयत्न करा. पुसली गेली, तर तुमचा लॉग अजून अकाउंट्सच्या खोलीतच आहे.